कुंपणापाशी बंद पडणारी गाडी

मशीन बिघडलं म्हणून मला कधी राग येत नाही. बिघडणं हा त्याचा हक्क आहे आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. राग येतो तो बिघडून पुन्हा आपोआप नीट होणाऱ्या मशीनचा. गिऱ्हाईक सांगतं बंद पडलं, मी जाऊन किल्ली फिरवते, ते शहाण्यासारखं सुरू होतं. मग गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मी गिऱ्हाइकाकडे बघते आणि दोघांनाही वाटतं की समोरचा खोटं बोलतोय.

शाळेची गवत कापायची गाडी नेमकी त्या जातीची निघाली. बसून चालवायची लाल गाडी, पोटाखाली पाती, बाजूने कापलेलं गवत उडवणारी. ती चालवतो माझा दादा. अठ्ठावीस वर्षं त्या शाळेचं मैदान त्याच्याकडे आहे. आधी तो ढकलायच्या यंत्राने कापायचा, मग ही गाडी आली आणि तिच्यावर त्याचा इतका जीव जडला की माझी वहिनी तिला सवत म्हणायची. माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पंप, मोटारी, जनरेटर, काय वाट्टेल ते. बाजारात मला ठिणगी म्हणतात, थोडं कामामुळे आणि बरंचसं स्वभावामुळे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त दादाची.

तीन महिन्यांपूर्वी दादाचा पहिला फोन आला. "ठिणगे, गाडी बंद पडली. चालता चालता, खटकन."

"धूर? वास? आवाज?"

"काही नाही. कुणीतरी किल्ली फिरवावी तशी."

मी दुपारी दुकान बंद करून गेले. किल्ली फिरवली, गाडी सुरू. पाती लावली, तीही फिरली. मैदानाला चार फेऱ्या मारल्या, गाडी हूं की चूं नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी पावडर साचली होती, ती गरम पाण्याने धुतली, टोकं घासून घट्ट केली आणि दादाला म्हटलं, झालं तुझं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पुन्हा फोन.

तिथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. फ्यूज बघितला, शाबूत. फ्यूज बसतो ती खाच सैल वाटली म्हणून चिमट्याने आवळली. अर्थिंगची वायर सांगाड्याला जिथे बोल्टने कसलेली असते तिथे गंज होता, तो पॉलिशपेपरने घासून आरशासारखा केला. किल्लीचा स्विच बदलला. दर वेळी दुपारी गाडी पोपटासारखी बोलायची आणि दर वेळी सकाळी दादाचा फोन यायचा.

"कुठे बंद पडते?" मी एकदा विचारलं. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, ते कबूल करते.

"पश्चिमेच्या कुंपणापाशी. नेहमी तिथेच. कधी एका फेरीला पडते, कधी पडत नाही. पण पडली की तिथेच."

हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी दादाला चहा पाजला. नेहमी एकाच जागी, म्हणजे जमिनीत खड्डा असणार. खड्ड्यात चाक गेलं की गाडी हिंदकळणार आणि कुठेतरी सैल असलेली वायर सुटणार. आणि फक्त सकाळी, म्हणजे दव. ओल्या गवताचं पाणी उडून जोडांमध्ये जात असणार. एका बिघाडाला दोन दोन कारणं मिळाली. मी गाडी दुकानात आणली, इंजिनापासून सीटपर्यंतची प्रत्येक वायर बोटांनी चाचपली, जोड उघडून वाळवले, आत ग्रीस भरलं, वरून टेप गुंडाळली. सांगाड्याच्या धारेवर एक वायर घासत होती, तिला रबरी नळी चढवली. पश्चिमेच्या कुंपणापाशी मी गुडघ्यांवर बसून जमीन हाताने तपासली. खड्डा सोडा, तिथे साधा उंचवटाही नव्हता. दादा ते मैदान घराच्या फरशीसारखं ठेवतो.

दोन दिवस गाडी नीट चालली. (त्या दोन्ही दिवशी आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं आणि कुंपणापलीकडे कुणी बाहेर बसलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.) तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

"त्या जागेलाच काहीतरी आहे," दादा म्हणाला.

"जागेला काही नसतं. वायरला असतं."

"मग सगळं डायरेक्ट करून टाक ना. ते सेफ्टीचे स्विच काढ आणि वायरी एकमेकींना जोड. सगळे मेकॅनिक तेच करतात."

सगळे करतात हे खरं. अशा गाडीला तीन पहारेकरी असतात. एक ब्रेकपाशी, एक पात्यांच्या दांड्यापाशी, एक सीटखाली. पाती फिरत असताना चालवणारा सीटवरून उठला तर सीटखालचा स्विच इंजिन जागच्या जागी बंद करतो. वैताग देणारी व्यवस्था आहे, पण एका रोपवाटिकेत असाच स्विच कुणीतरी डायरेक्ट केला होता आणि तिथला माणूस अडकलेली फांदी काढायला गाडी चालू ठेवून उतरला होता. त्याचा बूट मी पाहिलाय. त्यानंतर मी हा उद्योग कुणासाठी केलेला नाही आणि दादासाठी तर मुळीच करणार नव्हते. मी नवा सीटचा स्विच आणून बसवला. आठवड्याने तोही काढून आणखी एक नवा बसवला. गाडी कुंपणापाशी बंद पडतच राहिली.

मग मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या ऑफिसच्या खिडकीतून अख्खं मैदान दिसतं. टेबलावर त्यांची डायरी होती आणि तिच्यात गाडी कधी कधी बंद पडली याच्या तारखा वेळेसकट होत्या. बाई वाईट नाहीत. फक्त त्यांना गोष्टी लिहून ठेवायची सवय आहे.

"शनिवारी आंतरशालेय स्पर्धा आहेत," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळी दहाच्या आत मैदान कापून व्हायला हवं. मी खिडकीतून बघणार आहे. गाडी बंद न पडता काम झालं तर चांगलंच. नाहीतर सोमवारपासून बाहेरची कंपनी येईल. त्यांची गाडी, त्यांचा माणूस."

"आणि मी?" दादाने विचारलं.

"तुम्हाला फाटकावर बसवू. सावलीत खुर्ची असेल. या वयात तेच बरं नाही का?"

बाहेर आल्यावर दादा मैदानाच्या कडेने चालत गेला आणि खेळपट्टीजवळ एक रानटी रोप उगवलं होतं ते उपटून खिशात घातलं. छप्पन्न वर्षांचा माणूस. त्याला फाटकावर बसवलं तर तो सहा महिन्यांत आजारी पडेल हे मला लख्ख दिसत होतं. फाटकावरून मैदान दिसत नाही.

गुरुवारी मी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी गेले. आतापर्यंत दुपारी जायचे, कारण सकाळी दुकानात गर्दी असते. त्या दिवशी गर्दी गेली खड्ड्यात. सीटच्या स्विचला मी एक लहानसा दिवा जोडला आणि तो गाडीच्या मागच्या बाजूला, खालच्या हुकापाशी टेपने चिकटवला. स्विचला सीटवर माणूस आहे असं वाटतंय तोवर दिवा पेटलेला राहणार, नाहीतर विझणार. दादा गाडीवर बसला आणि मी दहा पावलं मागे राहून, नजर त्या दिव्यावर खिळवून चालू लागले. पूर्वेची बाजू, दिवा पेटलेला. उत्तरेची बाजू, पेटलेला. पश्चिमेच्या कुंपणापाशी आलो आणि दिवा विझला. मग इंजिन गेलं. आधी दिवा, मागून इंजिन. गुन्हेगार सीटच्या वायरीतच होता.

"दादा, तू बसलायस ना?"

"मग काय झोपलोय?" तो ऐटीत बसलेला होताच.

पंच्याऐंशी किलोचा माणूस सीटवर बसलाय आणि नवाकोरा स्विच सांगतोय की सीट रिकामी आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. "उतर खाली," मी म्हटलं, "मी चालवते."

मी एक फेरी मारली. पाती फिरत होती, गवत उडत होतं, सगळं झकास. वळण घेऊन मी पश्चिमेच्या कुंपणाशी आले, सहज उजवीकडे बघितलं आणि गाडी माझ्या बुडाखाली बंद पडली.

म्हणजे बुडाखाली असं म्हणता येणार नाही, कारण माझं बूड सीटवर नव्हतं. ते सीटपासून चार बोटं वर होतं. माझे गुडघे ताठ होते आणि दोन्ही हात स्टिअरिंग सोडून मांड्यांना चिकटले होते. कंबरडं मोडेपर्यंत ओणवं होऊन वायरी तपासणारी मी, अर्ध्या बाजाराला दरारा असलेली मी, चालत्या गाडीवर उभी राहिले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

कुंपणापलीकडे एका घराचा व्हरांडा आहे. तिथे कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून एक वाळकेसे म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. ते आमचे गणिताचे सर होते.

आता सरांबद्दल सांगायला हवं. आम्ही दोघं भावंडं ज्या शाळेत शिकलो तिथे सरांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं. त्यांनी कधी छडी हातात घेतली नाही, आवाज चढवला नाही. ते दारात आले की वर्ग उभा राहायचा आणि ते बस म्हणेपर्यंत उभा असायचा. इतर शिक्षकांनाही मुलं उभी राहायची, पण सरांच्या वेळी पन्नास बाकं एकदम वाजायची. कुणी शिकवलं नव्हतं. पुढे बाजारात, दवाखान्यात, कुठेही सर दिसले की आमच्या वेळची माणसं हातातला घास ठेवून उठायची. माझ्या ओळखीचा एक न्हावी सरांना बघून गिऱ्हाइकासमोर वस्तरा धरून ताठ उभा राहिला होता, ते गिऱ्हाईक अजून ती गोष्ट सांगतं.

दादा धावत आला. "बघ, पडली ना बंद? मी सांगत होतो."

"दादा, सर इथे कधीपासून आहेत?"

"तीन महिने झाले. मुलाकडे राहायला आलेत. तुला बोललो नव्हतो का?"

"नाही."

"मला वाटलं बोललो होतो."

मी कपाळाला हात लावला. तीन महिने मी त्या गाडीची वायर न वायर उपसली होती, दोन स्विच बळी दिले होते, दवाला दोष दिला होता, जमीन चाचपली होती. आणि हा माणूस म्हणे, मला वाटलं बोललो होतो.

शेडमध्ये नेऊन मी त्याला सगळं समजावलं. त्याने साफ नाकारलं. "मी उठतो? काहीतरीच. मी मान हलवत असेन फार तर. मला काय वेड लागलंय, चालत्या गाडीवर उभा राहायला?"

"मग जा आणि न उठता दाखव."

तो गेला. मी कुंपणाजवळच्या झाडाखाली उभी राहिले. या वेळी दादाने सरांकडे बघितलंसुद्धा नाही, मान ताठ, नजर समोर, जबडा आवळलेला. व्हरांडा आला आणि दादा उठला. फार नाही, दोन बोटं. गाडी बंद. खाली उतरताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"मी ठरवून बसलो होतो गं," तो म्हणाला.

मी पण एकदा जाऊन बघितलं. दात ओठ खाऊन, सीटची कड दोन्ही मांड्यांनी दाबून धरून, मी कशीबशी बसल्या बसल्या पुढे गेले. मला जमलं. दादाला जमेना. दोनदा, तीनदा, चारदा. शेवटी मी सामान बांधायचा पट्टा आणला आणि त्याला सीटशी आवळून टाकलं. हा उपाय मी अभिमानाने सांगत नाही. अशा गाडीची सीट पुढच्या बाजूला बिजागरीवर असते, साफसफाईसाठी उचलता यावी म्हणून. दादा उठला आणि सीट त्याच्याबरोबर उठली. खालचा स्विच मोकळा झाला, गाडी बंद. पाठीला सीट बांधलेला माझा भाऊ अर्धवट वाकून उभा होता आणि मी हसले. हसायला नको होतं. त्याने पट्टा सोडला, गाडी शेडमध्ये लावली आणि म्हणाला, "राहू दे. फाटकावर बसेन मी."

मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. छप्पन्न वर्षांचा घोडा, आणि दोन बोटं खाली राहता येत नाही.

संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. दादाला सांगितलं नाही. सूनबाईंनी दार उघडलं आणि मला व्हरांड्यात नेलं. सरांच्या डोळ्यांत पडदा आला होता, त्यांना माणसाचा फक्त आकार दिसत असावा. मी नाव, वर्ष सांगितलं, त्यांना काही मी आठवले नाही. ते साहजिकच होतं, माझं गणित बेताचं होतं. मी गाडीबद्दल आलेय म्हटल्यावर मात्र ते सावरून बसले.

"काय काय तपासलंस? क्रमाने सांग."

मी सांगितलं. बॅटरी, फ्यूज, अर्थिंग, किल्ली, दव, खड्डा, स्विच, आणि शेवटी इथे आलं की चालवणारा सीटवरून उठतो ते. ते प्रत्येकाला हं म्हणत होते.

"जागा तीच, माणूस बदलला तरी बिघाड तोच," ते म्हणाले. "मग माणूस तोच आणि जागा बदलून पाहिलीस का?"

"बाकी सगळ्या मैदानावर ती चालते सर."

"म्हणजे बिघाड गाडीत नाही. या जागेत आहे." ते जरा थांबले. "म्हणजे मीच की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी पुटपुटले.

"मला वाटायचं, कुणीतरी भला माणूस मुद्दाम मशीन बंद करतो," सर म्हणाले. "म्हाताऱ्याचा डोळा लागला असेल, आवाज नको म्हणून. मी सुनेला सांगितलंसुद्धा होतं. कोण आहे तो?"

"माझा मोठा भाऊ. सातवीत होता तुमच्याकडे, शेवटच्या बाकावर खिडकीपाशी. मध्येच शाळा सुटली त्याची." मग मी मोठ्या बाईंचं, शुक्रवारचं, फाटकाचं सगळं सांगून टाकलं.

सरांनी हात लांब करून खुर्चीमागची भिंत चाचपली. मग म्हणाले, "मी करतो काहीतरी. तू जा."

शुक्रवारी आठ वाजता मी मैदानावर होते. मोठ्या बाई खिडकीत होत्या, हातात पेन. दादा गाडीवर बसला तो फाशी जाणाऱ्या माणसासारखा. पूर्व झाली, उत्तर झाली. पश्चिमेचं वळण आलं. गाडी व्हरांड्यासमोरून गेली, दादाचं बूड सीटवर आणि इंजिनाचा आवाज अखंड.

मी व्हरांड्याकडे बघितलं. सरांची खुर्ची उलटी फिरवलेली होती. मैदानाकडे पाठ, ऊन मानेवर. सर भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि भिंत त्यांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर होती.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की सुटलो. खोटं कशाला बोलू. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली, मग मी मोजणं सोडलं. खिडकीत मोठ्या बाईंनी डायरी मिटली. निम्मं मैदान झालं होतं आणि घड्याळात नऊ वाजायचे होते. दादाची नोकरी मला डोळ्यांसमोर वाचताना दिसत होती.

पुढच्या फेरीला दादा व्हरांड्यासमोर आला आणि त्याने गाडी थांबवली. बंद पडली नाही, थांबवली. पात्यांचा दांडा खाली केला, ब्रेक लावला, किल्ली काढली. सगळं शिस्तीत, मी शिकवलं होतं तसं. मग तो खाली उतरला.

मी धावत गेले. "काय करतोयस? बाई बघतायत. चढ आधी."

"तू गेली होतीस त्यांच्याकडे?"

"गेले होते. मग काय करणार होते?"

"भिंतीकडे तोंड करून बसवलंस सरांना," दादा म्हणाला. "कुणा मुलाला त्यांनी कधी भिंतीकडे तोंड करून उभं केलं नाही गं."

"त्यांनी स्वतः केलंय ते. तुझ्यासाठी केलंय. दादा, तुझी नोकरी आहे ही."

"असू दे."

त्याने मला बाजूला सारलं आणि कुंपणाशी जाऊन उभा राहिला, ताठ, हात मांड्यांना चिकटलेले. मागे मोठ्या बाई पायऱ्या उतरून मैदानावर येताना दिसत होत्या. मला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं, दादालाही आणि सरांनाही.

"बंद पडलं का?" सरांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"नाही सर. मी बंद केलं."

"का?"

"तुम्ही असे बसू नका सर. मी फाटकावर जाईन."

मोठ्या बाई माझ्या शेजारी येऊन थांबल्या, मनगटावरचं घड्याळ बघत. "बंद पडली?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, "नाही. त्याने बंद केली. किल्ली बघा, त्याच्या मुठीत आहे."

"तू सातवीतला ना," सर म्हणाले. "खिडकीजवळचा."

"हो सर. शाळा सोडतोय हे सांगायला आलो होतो मी तुमच्या तासाला. तुम्ही काही बोलला नाहीत. घंटा होईपर्यंत मी उभाच होतो. मला वाटलं, तुम्ही रागावलात."

हे मला ठाऊक नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं एका घरात, एका ताटात जेवलो आम्ही, आणि हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक त्याला वाटलं असेल, सांगितलं होतं.

"रागावलो नव्हतो रे," सर म्हणाले. "बाकीच्यांना बस म्हणता येत होतं. तुला कसं म्हणणार, तू जायला आला होतास. आणि जा म्हणायला माझी जीभ उचलेना. म्हणून फळ्याकडे वळून गणित लिहीत बसलो. वर्गाकडे पाठ करून."

सूनबाई दारात आल्या होत्या. सरांनी त्यांना हाताने खूण केली. त्यांनी खुर्ची फिरवली, सर पुन्हा मैदानाकडे तोंड करून बसले. ऊन त्यांच्या डोळ्यांवर आलं तरी त्यांनी डोळे मिटले नाहीत. दिसत नव्हतं, तरी ते दादा उभा होता तिथेच बघत होते.

"बस आता," सर म्हणाले. "कामाला लाग."

"हो सर."

दादा गाडीकडे गेला. चढून बसला, अंग सैल सोडून, जसा माणूस दमून घरी आल्यावर बसतो तसा. किल्ली फिरवली, पाती लावली. तो मैदानाला वळसा घालून निघून गेला आणि मी आणि मोठ्या बाई तिथेच थांबलो. पूर्व, उत्तर. गाडी पश्चिमेच्या वळणावर आली. व्हरांड्यात सर आवाजाच्या दिशेने मान वळवत होते. दादाने त्यांच्याकडे बघितलं, चांगलं तोंड वळवून बघितलं, आणि बसून राहिला. गाडी समोरून गेली. पुढच्या फेरीलाही गेली, त्याच्या पुढच्याही.

"मध्ये सहा मिनिटं थांबली होती," मोठ्या बाई घड्याळ बघून म्हणाल्या.

"थांबवली होती," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच.

"तेच म्हणतेय मी. थांबवली होती." त्यांनी डायरी उघडली, काही लिहिलं नाही, पुन्हा मिटली. "दादांना सांगा, सोमवारी खेळपट्टीची कड जरा बारीक कापायची आहे." आणि त्या ऑफिसकडे निघून गेल्या.

दहाला सात मिनिटं कमी असताना मैदान कापून झालं. शेवटच्या फेरीला दादा माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याचे गाल ओले होते आणि तो ते पुसत नव्हता, कारण त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मग मीही रडले, भर मैदानात, शाळेच्या सगळ्या खिडक्यांसमोर. आणि त्याचाही मला राग आला.